गोल्फच्या मैदानावर नाराज कसं व्हावं

गोल्फच्या मैदानाबद्दल मत द्यायला गोल्फ खेळता यावा लागतो, ही समजूत आधी डोक्यातून काढा. पानठेल्यावर उभं राहून भारताच्या कर्णधाराला फिल्डिंग लावून देणाऱ्यांपैकी किती जणांनी लेदरचा बॉल हातात धरला आहे? कापसाच्या भावावर सगळ्यात ठासून बोलणाऱ्याच्या नावावर बहुधा गुंठाभरही वावर नसतं. मताला सातबारा लागत नाही.

यवतमाळ-वर्ध्याकडच्या माणसाला गोल्फच्या मैदानांशी काय करायचं, असं तुम्हाला वाटत असेल तर दिवाळी येऊ द्या. पुण्याच्या कंपनीत लागलेला, कंपनीच्या पैशाने अमेरिका पाहून आलेला पुतण्या अंगणात खुर्ची टाकून तर्रीपोहे खाता खाता म्हणेल, "काका, पेबल बीच काहीच नाही. ओव्हररेटेड." यावर तुम्ही "असं काय बापा!" म्हणालात की इज्जत गेली, पुढचे चार दिवस तो तुम्हाला वाइन समजावून सांगणार. त्यापेक्षा खर्रा घोटता घोटता, मान वर न करता म्हणा, "समुद्राकाठची होलं बरी हायेत. मधातली दोन-चार सपक हायेत ना बे." पोरगा चाट पडेल. (होल म्हणजे मैदानाचा एकेक टप्पा, पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा.) हे वाक्य फसत नाही, कारण तिथे जाऊन आलेले कितीतरी जण नेमकं हेच म्हणतात.

पेबल बीच कॅलिफोर्नियातलं, १९१९ साली सुरू झालेलं. सातवं होल जेमतेम शंभर यार्डांचं, पण पलीकडे सगळा पॅसिफिक. एका फेरीचे सहाशेहून जास्त डॉलर, म्हणजे पन्नास हजारांच्या वर रुपये, पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे वेगळे. सहा-सात क्विंटल कापूस एका दिवसात गेला, आणि चेंडू समुद्रात गेले ते निराळेच. एवढं झाल्यावर माणूस नाराज होणार नाही तर काय होणार? नाराजीचा पहिला नियम हाच आहे: आधी पैसे मोजावे लागतात. फुकटात निराश झालेला माणूस नुसता गरीब दिसतो, पैसे मोजून निराश झालेला जाणकार दिसतो. तसे आपण निराशेत कोणाला हार जाणारे नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि कालव्यांची कामं अजून संपायची आहेत. आपल्याइतका सराव जगात कोणत्या गोल्फरला असेल? पण आपली निराशा तिकिटाविना झालेली, म्हणून तिला कोणी विचारत नाही.

आता याची उलटी बाजू पहा. न्यू जर्सीतलं पाइन व्हॅली नावाचं मैदान वर्षानुवर्षं जगातल्या उत्तम मैदानांच्या याद्यांमध्ये अगदी वर असतं. सदस्याने बोलावल्याशिवाय तिथे पाय ठेवता येत नाही. बायांना तर २०२१ पर्यंत सदस्यच करत नव्हते. ऑगस्टा नॅशनल या अमेरिकेतल्याच दुसऱ्या नामांकित मैदानाचं दार त्यांच्यासाठी २०१२ साली उघडलं, तेही दोघींपुरतं. या दोन मैदानांवर नाराज होऊन आलेला माणूस सहसा सापडत नाही. कारण सरळ आहे. पाहुणा म्हणून जेवलेला माणूस वरणात मीठ कमी होतं असं म्हणत नाही. खानावळीत पैसे देऊन जेवलेला मात्र पोळ्या मोजतो. म्हणून पुतण्याने पाइन व्हॅलीचं नाव काढलं तर वाद घालू नका. एवढंच विचारा, "तुले कोणं बलावलं होतं?"

थोडा इतिहास पाठ असला की नाराजीला वजन येतं. त्यासाठी स्नीड घराणं पुरेसं आहे. १९४६ साली सॅम स्नीड हा अमेरिकन खेळाडू ब्रिटिश ओपन या स्पर्धेसाठी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला चालला होता. आगगाडीच्या खिडकीतून त्याला तिथलं जुनं मैदान, ओल्ड कोर्स, दिसलं. हे कोणतं तरी पडीक पडलेलं गोल्फचं मैदान दिसतं, असं तो बोलून गेला आणि शेजारचा प्रवासी भडकला. स्नीड उतरला, खेळला आणि ओपन जिंकला. बक्षीस १५० पौंडांचं, जाण्यायेण्याचा खर्च त्याहून जास्त; पुढच्या वर्षी किताब राखायला तो आलाच नाही. पीक पहिल्या नंबरचं आणि लागवडीचा खर्च निघत नाही, हे कास्तकाराला वेगळं समजावून सांगायला नको.

त्याचा पुतण्या जे. सी. स्नीड, तोही गोल्फरच. मैदानं आखणाऱ्या पीट डायने फ्लोरिडात बांधलेलं टीपीसी सॉग्रास हे मैदान १९८० साली सुरू झालं, पुढे या पुतण्याने निकाल दिला की यात नव्वद टक्के घोड्याची लीद आहे आणि दहा टक्के नशीब. महाराष्ट्रात काका-पुतण्याचं शेवटचं एकमत कधी झालं होतं ते आठवून पहा, म्हणजे या घराण्याची थोरवी कळेल. आज सॉग्रासचं पाण्यातलं सतरावं होल पाहायला जगभरातून लोक जातात. लीद कुरकुर न करता तिथेच आहे.

मत बदलायलाही थोडी जागा ठेवा. बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने १९२१ साली याच सेंट अँड्र्यूजच्या अकराव्या होलला वाळूत अडकून, वैतागून स्पर्धाच सोडली. १९२७ साली तो तिथेच ओपन जिंकला आणि १९५८ साली गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. मधे सहा वर्षं गेली हे ध्यानात घ्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक बोलणारे आपल्याकडे आमदार होतात, जाणकार होत नाहीत.

सेंट अँड्र्यूजची खरी गोष्ट मात्र पुतण्याला माहीत नसते. ती तुम्ही सांगा, कारण ती आपलीच आहे. ते मैदान मुळात गावाची सामायिक जमीन, तिथली ई-क्लासच म्हणा. १५५२ सालच्या एका सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क मान्य झाला आणि त्याच कागदात आर्चबिशपने स्वतःसाठी ससे पाळायची सोय करून घेतली. (सामायिक जमिनीच्या कागदात शेवटच्या ओळीत कोणाची तरी सोय असतेच.) १७९७ साली तिथली नगरपरिषद कर्जात बुडाली आणि तिने ती जागा सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हवाली केली. सशांनी मैदान पोखरलं, गोल्फवाले कोर्टात गेले, वीसेक वर्षं हाणामाऱ्या आणि तारखा चालल्या. शेवटी १८२१ साली जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने जमीन विकत घेऊन खेळाला मोकळी केली. वाळूचे जे खड्डे आज बंकर म्हणून मिरवतात, त्यातले काही म्हणे मेंढ्यांनी वाऱ्यापासून अंग चोरून बसता बसता केलेले. रविवारी एरवी तिथे खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री फिरवतात. गावकीची जमीन, कर्जबाजारी कारभारी, कोर्टाच्या तारखा, मोकाट जनावरं. यातलं आपल्याकडे काय नाही? फक्त गवत.

गवत नाही म्हणूनही नाउमेद होऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या ओपलच्या खाणींच्या गावात मैदानावर गवताचं पातं नाही. खेळणारा हिरवळीचा एक तुकडा सोबत घेऊन फिरतो आणि त्यावर चेंडू ठेवून फटका मारतो. ऊन फार म्हणून चमकणारे चेंडू घेऊन रात्रीही खेळतात. आपल्याकडच्या जुन्या मैदानांवरही ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या जागी तेल मारलेल्या वाळूचे ब्राऊन असत. म्हणजे वैशाखातला चंद्रपूर जिल्हा गोल्फसाठी तयारच आहे, कोणी सांगितलं नाही एवढंच.

आणि ब्रोरा. हे नाव लिहून ठेवा, कारण अंडररेटेड मैदानांचा विषय निघाला की ते निघतं. उत्तर स्कॉटलंडच्या समुद्रकाठचं गाव. मैदानावर वर्षानुवर्षं मेंढ्या आणि गाई चरायच्या, कारण चराईचा हक्क गावकऱ्यांचा. ग्रीनवर ढोरं येऊ नयेत म्हणून ग्रीनभोवती विजेची तार असायची. दुरून आलेले गोल्फर या तारेवरून टांग टाकत आत जायचे, शेणाला वळसा घालायचे आणि परत जाऊन सांगायचे की असा अस्सल अनुभव कुठे नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आपल्याकडे रानडुकरांसाठी वावराभोवती झटक्याची तार लावणाऱ्याच्या डोळ्यांतही पाणी असतं, पण ते पाहायला कोणी फी भरून येत नाही. आपल्या आखरावर सकाळी उभे राहा: दोनशे ढोरं, एक ढोरकी, धुऱ्यावर बोरी-बाभळी, मधून जाणारा नाला. ब्रोऱ्याहून काय कमी आहे? फार तर समुद्र. तो पावसाळ्यात आठ दिवस येऊन जातो.

खेळाचे नियमही आपल्यासाठीच लिहिल्यासारखे आहेत. शेण ही मोकळी वस्तू धरली जाते. उचला आणि बाजूला टाका, दंड नाही. जनावराने उकरलेल्या बिळात चेंडू गेला तर तोही दंडाशिवाय बाहेर घेता येतो. तिथल्या तिथे, अर्ज नाही, फोटो नाही, पंचनामा नाही. रानडुकराने एका रात्रीत अर्धं वावर उकरून ठेवलेल्या माणसाने हा नियम दोनदा वाचावा. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, २०१९ पासून तीन मिळतात. चेंडू जायच्या भोकाची रुंदी १०८ मिलिमीटर. मे महिन्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगा पाहता पहिल्याच फटक्यात चेंडू भोकात जाण्याची शक्यता आपल्याइतकी कुठेच नसेल. फक्त तो कोणत्या भोकात गेला हे ठरवायला तलाठी लागेल, आणि तलाठी तीन मिनिटांत येत नाही.

वणी-उमरेडकडच्या वाचकांनी कोळशाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांकडेही याच नजरेने पाहावं. अमेरिकेतलं चेंबर्स बे हे जुन्या वाळू-गिट्टीच्या खाणीवर उभं राहिलेलं मैदान. २०१५ साली तिथे यूएस ओपन ही मोठी स्पर्धा झाली. हेन्रिक स्टेन्सन या स्वीडनच्या खेळाडूने तक्रार केली की या ग्रीनवर खेळणं म्हणजे ब्रोकोलीवर खेळणं आहे. ब्रोकोली आपल्या बाजारात मिळत नाही. तुम्ही फुलकोबी म्हणा.

आता अंडररेटेड म्हणण्याचं तंत्र. नाराज व्हायला पैसे लागतात, अंडररेटेड म्हणायला फक्त अंतर लागतं. जागा जितकी अडचणीची, तितकं मत बिनतोड. ताडोब्याचा पर्यटक तुम्ही पाहिलाच असेल: मोहर्ली गेटने जिप्सी करून गेला, वाघ दिसला नाही, म्हणजे ताडोबा ओव्हररेटेड. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सांगतो की उमरेड-कऱ्हांडला पहा, तिथे गर्दी नाही. मग तिथे जय नावाचा वाघ आला, सगळे त्याला पाहायला धावले, गर्दी झाली आणि २०१६ साली जयच दिसेनासा झाला. तोपर्यंत ते पर्यटक तिसऱ्या जंगलाचं नाव घेऊ लागले होते.

गोल्फमध्येही हेच चालतं, फक्त तिथे वाघाऐवजी जमीन असते. स्कॉटलंडच्या साउथ उइस्ट बेटावर आस्कर्निश नावाचं मैदान आहे. ओल्ड टॉम मॉरिस या जुन्या काळच्या नामी गोल्फरने १८९१ साली ते आखलं, पुढे खेळ बंद पडला आणि जागा पुन्हा ढोरांची झाली. कित्येक वर्षांनी जाणकार आले, गवतात उभे राहिले आणि म्हणाले, अरे, हे तर थोर मैदान! २००८ साली ते नव्याने सुरू झालं. जिथे जनावरं चरत होती तिथे पाहुणे चालू लागले, आणि चराईचा हक्क सांगणाऱ्या काही गावकऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. जगभर त्या मैदानाचं कौतुक झालं. गाईंचं मत कोणी घेतलं नाही.

तेव्हा पुतण्यासमोर कितीही मतं फेका, एका बाबतीत जीभ आवरा. आपल्या गावच्या ई-क्लासवर आधीच अनेकांचा डोळा आहे. एखाद्या दिवशी पांढरी टोपी घातलेला माणूस मोठ्या गाडीतून उतरला, डोळ्यांवर हात धरून चढ-उतार न्याहाळू लागला आणि म्हणाला, "वा, या जागेकडे अजून कोणाचं लक्ष कसं गेलं नाही?", तर खुश होऊन चहा सांगू नका. तिथल्या तिथे नाराज व्हा. सांगा की पाणी नाही, साप फार, माती बुटाला चिकटते, मोबाइलला रेंज नाही आणि रस्ता मंजूर झाला की दरवर्षी वाहून जातो. यातलं काहीच खोटं बोलावं लागणार नाही. ढोरक्यालाही पढवून ठेवा: "काही मजा नाही सायेब इथं. थ्या बाजूच्या गावाचं गायरान पाह्यजा, लय भारी हाय." बाजूच्या गावाशी आपलं पोळ्याच्या तोरणावरून वाजलेलंच आहे.