‘तसल्या शाळेतली दहावी चालत नाही’ म्हणे!

शेजारच्या काकूंनी नातवाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, भरायचा थांबवलाय. कारण सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज. सिडको-सातपूरच्या बहुतेक ग्रुपांवर तो फिरून झालाय, त्यामुळे थोडक्यात सांगतो: “पालकांनो सावधान! नाशकात गल्लोगल्ली पर्यायी शाळा निघाल्यात. दोन खोल्या, वीस-पंचवीस पोरं, ना पटांगण ना गणवेश. तिथली दहावी आयटीआयला चालत नाही, पोलीस भरतीला चालत नाही. पैसे घेऊन पास करतात. केस झालेल्या पोरांत बसून चांगलं पोरगंही बिघडतं. आणि एकदा केस झाली की चारित्र्याचा दाखला मिळत नाही, मग शिकवून उपयोग काय?” खाली मुलांचा फोटो आणि एक ओळ: “यातलं ओळखीचं कोण ते बघा.”

आधी दहावीचं बघू. ‘तसल्या शाळेतली दहावी’ नावाची वस्तूच नाही. अशी केंद्रं प्रमाणपत्र देत नाहीत, तयारी करून घेतात. परीक्षा मंडळाची असते. सतरा नंबरचा फॉर्म भरलेला मुलगा राज्य मंडळाच्या नाशिक विभागाची दहावी देतो. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार या चार जिल्ह्यांत शाळेतली पोरं ज्या दिवशी जो पेपर लिहितात, तोच पेपर तोही त्याच दिवशी लिहितो. दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. ती 1989 पासून आहे आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली चालते. दहावीसाठी किमान वय 14, विषय पाच, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. मराठी माध्यमही आहे. (नाशकात ‘मुक्त’ म्हटलं की लोक गंगापूर धरणाकडे बोट दाखवतात. तिथलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ पदव्यांचं, त्याचा या दहावीशी संबंध नाही.)

राहिली पोलीस भरती. शिपाई भरतीला बारावी लागते, मग मुलगा कुठल्याही शाळेतला असो. मेसेज लिहिणाऱ्याने भरतीची जाहिरात एकदा तरी वाचायची होती.

आयटीआयची भीती मात्र सगळीच खोटी नाही, फक्त चुकीच्या जागी दाखवली आहे. एनआयओएसमध्ये गणित सक्तीचं नाही. एक भाषा घ्यायची, बाकी विषय आपल्या पसंतीचे. मग कोणीतरी सुचवतं: गृहविज्ञान घे, चित्रकला घे, डेटा एंट्री घे, सुटशील. पोरगा सुटतोही. मग आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन मागतो आणि तिथे अडकतो, कारण त्या ट्रेडना दहावीत गणित आणि विज्ञान हवं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे डोळे लावून बसलेल्या मुलासाठी हा फार महागाचा शॉर्टकट आहे. विषय नंतर जोडून घेता येतात, पण त्यात प्रवेशाचा हंगाम हुकतो. म्हणून फॉर्म भरायच्या आधी पोराला पुढे काय करायचंय ते विचारायचं आणि मग विषय ठरवायचे. गणिताची धास्तीच असेल तर पहिल्या परीक्षेला भाषा आणि आणखी एक सोपा विषय द्यायचा, गणिताला वर्षभर द्यायचं, पण यादीतून काढायचं नाही. एनआयओएसला तुकड्या-तुकड्याने पास होता येतं, त्याचा खरा उपयोग हाच.

आता त्या केसबद्दल. या मेसेजातलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे, कारण ते वाचून एखादा बाप खरंच पोराला घरी बसवेल. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 काढून वाचा. मुलाची केस बंद झाली किंवा निकाली निघाली, तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी किंवा इतर कशासाठीही पोलिसांनी तिची नोंद उघड करायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कलम 24 त्याच्याही पुढे जातं. या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कुठलीही अपात्रता लागत नाही. अपवाद एकच: मुलगा 16 पूर्ण केलेला, गुन्हा अत्यंत गंभीर गटातला आणि बालन्यायालयाने त्याच्यावर सज्ञानासारखा खटला चालवून दोषी ठरवलं असेल तर. मोबाइल चोरी, मारामारी, कोणाची तरी गाडी घेऊन पळणं ही प्रकरणं त्यात बसत नाहीत. घरच्यांनी एवढंच करायचं, की बाल न्याय मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रत काढून जपून ठेवायची. पुढे कोणी अडवलं तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, मुलांना वकील फुकट मिळतो.

आणि तो फोटो! त्याच कलम 74 मध्ये केस झालेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही जाहीर करायला बंदी आहे. वर्तमानपत्र, दृक्-श्राव्य माध्यम आणि ‘संपर्काचं इतर कोणतंही रूप’ असे शब्द आहेत, तेव्हा सोसायटीचा ग्रुप त्यातून सुटतो असं समजू नका. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सावधान व्हायचंच असेल तर फॉरवर्ड करणाऱ्यांनी व्हावं.

बिघडण्याचा मुद्दा अगदीच हवेतला नाही, हे नाइलाजाने मान्य. 1999 मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात एक गाजलेला लेख आला होता. वाह्यात वागणारी किशोरवयीन मुलं सुधारणेसाठी एकत्र बसवली, तर काही वेळा ती आणखी बिघडतात, असा त्याचा निष्कर्ष. कारणही सांगितलंय: एकाने नियम मोडल्याची फुशारकी मारली की बाकीचे हसतात, आणि ते हसणं म्हणजे बक्षीस. हे घडतं मोकळ्या वेळात, मोठं माणूस जवळ नसताना. म्हणून नीट चालणाऱ्या केंद्रात आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस असतं, मधल्या सुट्टीतही. एकाच टोळक्यातले दोघे एका बॅचला घेत नाहीत आणि सुटायच्या वेळा पुढे-मागे ठेवतात. मेसेज ज्यांची टिंगल करतो त्या वीस-पंचवीस पोरांचं कारण हेच. पाथर्डी फाट्याच्या टपरीवर दिवसभर बसणाऱ्या पोरांचाही गटच असतो, फक्त तिथे मोठं माणूस नसतं.

शिवाय ही मुलं असतात कोण? नववीला नापास होऊन शाळेबाहेर पडलेली, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबलेली, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जाणारी. केस झालेलं एखादं असतं, नाही असं नाही. आठवी-नववीपर्यंत बसूनही कित्येकांना हातच्याची वजाबाकी आणि दोन अंकी भागाकार जमत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात दहावीचं पुस्तक उघडत नाहीत. तिसरीचा उतारा वाचायला देतात, दहा गणितं देतात आणि तिथून सुरुवात करतात. पन्नासच्या वर्गात हे कोण करणार?

पोरांची गळती होते ती मात्र द्राक्षबागांतल्या कामामुळे, आणि त्याबद्दल मेसेजात चकार शब्द नाही. एनआयओएसची एक परीक्षा एप्रिल-मेमध्ये, तेव्हा वेलींची खरड छाटणी (उन्हाळ्यातली). दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा गोडी छाटणी (फळासाठीची). राज्य मंडळाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा काढणी. मजुरी सोडून पेपरला बसायचं म्हणजे घरात भांडण. मुकादमाशी आणि आईबापाशी पेपरच्या तारखा महिनाभर आधी बोलून ठेवल्या नाहीत, तर वर्षभर शिकलेला पोरगा परीक्षेच्या दिवशी बागेत असतो.

पैसे घेऊन पास करणारे? आहेत, कशाला नाकारायचं. ‘शंभर टक्के हमी’ असा बोर्ड, हॉल तिकीट स्वतःच्या ताब्यात ठेवणं, मंडळाच्या फीची पावती न देणं, मुलगा वर्षभर न येताही चालणं, यातलं एक जरी दिसलं तरी उठून यायचं.

काकूंसाठी, आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी: शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि आधार शेजारी-शेजारी ठेवून नाव, आईचं नाव, जन्मतारीख जुळतेय का ते आजच बघा. दुरुस्तीला शाळेत खेपा पडतात आणि फॉर्मची मुदत थांबत नाही. फॉर्म ऑनलाइन भरून काम संपत नाही, त्याची प्रिंट आणि कागद मंडळाने दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत नेऊन द्यायचे असतात. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षाही तिथेच होतात. त्यांच्या तारखा कोणी घरी येऊन सांगत नाही, पोराला दर पंधरा दिवसांनी तिथल्या नोटीस बोर्डाकडे पाठवा.