"येलो अलर्ट म्हणजे हमखास ऊन" वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक लांबच्या लांब मेसेज टाकला, वर तीन भोंगे आणि "हवामान खात्याची पोलखोल, प्रत्येक गोवेकराने वाचावे". दुसऱ्या दिवशी तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर, मग भजनी मंडळाच्या, मग आमच्या दूधवाल्याच्या स्टेटसला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: येलो अलर्ट दिला की ऊन पडतं, ऑक्टोबरात पूर्वी पाऊस नसायचाच, महिन्याच्या अहवालात "सामान्य पाऊस" लिहितात आणि इकडे भात कुजतं, फोनमधलं ॲप फुकटात जास्त बरोबर सांगतं, गोव्यात कधी वादळ येत नाही तरी मच्छीमारांना घरी बसवतात, आणि शेवटी अर्थातच, हा सगळा पाऊस ढगांवर फवारणी करून पाडलेला आहे.

मामा, तुमच्यावर राग नाही. आपलं शेत डिचोलीलाच आहे, आडवं पडलेलं भात मी पण बघितलंय आणि ताडपत्री धरून मी पण पळालोय. पण मेसेज लिहिणाऱ्याने चार वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय आणि ग्रुपवरचे अर्धे लोक ते वाचून उद्यापासून अलर्ट बघायचंच सोडतील, म्हणून लिहितोय.

पहिलं ते येलोचं. येलो म्हणजे "आज धो धो पडणार" असं कोणी सांगितलं? येलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा, एवढंच. आणि जूनमधला येलो वेगळा, ऑक्टोबरमधला वेगळा. जून-जुलैत तो बहुतेक वेळा जोरदार पावसासाठी असतो, ऑक्टोबरात खालचं बारीक अक्षरातलं वाचलंत तर दिसेल की तो बऱ्याचदा विजांसाठी आणि ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यासाठी असतो, आणि पुढे "तुरळक ठिकाणी" असा शब्द असतो जो आपण सगळे वगळून टाकतो. तुरळक हा काही मोघम शब्द नाहीये हो, त्याची व्याख्या आहे: जिल्ह्यातल्या शंभरपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. म्हणजे तुरळक म्हटलं तेव्हा पंचाहत्तर टक्के जागा कोरड्या राहणार हे त्या अंदाजातच लिहिलेलं आहे! घाटाजवळच्या वाळपईला गडगडाट होऊन तासभर कोसळला आणि पणजीत मामा बाल्कनीत ऊन खात बसले, तर अंदाज चुकला नाही, बरोबर आला.

आणि सकाळचं ऊन हा पुरावा कसा काय होतो? ऑक्टोबरात ऊन हीच तर पावसाची तयारी. जमीन अजून ओली, हवेत दमटपणा भरपूर, सकाळी अकरा ते दोन कडक तापलं की ती हवा वर चढते, सह्याद्रीच्या अंगाला आणखी उचलली जाते, तीन-चारला चोर्ल्याच्या आणि मोलेच्या बाजूला, म्हणजे घाटाकडे, फुलकोबीसारखे ढग उभे राहतात आणि पूर्वेचा वारा असला की ते सत्तरी-सांगे करत समुद्राकडे सरकतात. किनाऱ्यापर्यंत पोचतीलच असं नाही, कधी वाटेत साखळी गावालाच रिकामे होतात. अलर्ट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा असतो आणि आपण निकाल लावतो सकाळी अकराला, "बघा कसं लख्ख ऊन आहे". संध्याकाळी सातला वीज पडली की तो स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही.

"ऑक्टोबरात पूर्वी पाऊस नसायचा", हे तर वाचून मला आजीची आठवण आली. पूर्वी पाऊस नसायचा तर हस्त, चित्रा, स्वाती ही पावसाची नक्षत्रं म्हणून कुणी मोजली? हस्त सप्टेंबरच्या शेवटी लागतं, चित्रा साधारण दहा ऑक्टोबरला, स्वाती चोवीसच्या आसपास. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण काय काल व्हॉट्सॲपवर आलीय? हस्ताचा पाऊस गडगडाट करत येतो हे आमच्या घरात पोरांना पण माहीत होतं. आकड्यात सांगायचं तर पणजीची ऑक्टोबरची सरासरी शंभर मिलीमीटरच्या वरच आहे, म्हणजे चार इंचापेक्षा जास्त. जुलैपुढे ते काहीच नाही, पण शून्य पण नाही. मान्सून देशातून पूर्ण परत जायची सरासरी तारीखच पंधरा ऑक्टोबर आहे, आणि मान्सून गेला म्हणजे पाऊस गेला असं नसतं, फक्त पावसाची जात बदलते, दिवसभर रिपरिप जाऊन संध्याकाळचा ढगफोड्या अवतार येतो. हां, समुद्र पूर्वीपेक्षा तापलाय आणि त्यामुळे काही वर्षी हे जास्त वाईट होतं, ते मान्य, पण "नसायचाच" हे खोटं.

आता महिन्याच्या अहवालावर येतो, कारण मेसेजमधला सगळ्यात पटणारा मुद्दा हा आहे आणि सगळ्यात चुकीचा पण हाच. म्हणणं असं की भात पाण्यात, आणि खातं म्हणतं ऑक्टोबरचा पाऊस सामान्य, म्हणजे लपवाछपवी. अरे पण "सामान्य" हा शब्द आपल्या बोलण्यातला नाही तिथे! सरासरीच्या एकोणीस टक्के वर किंवा एकोणीस टक्के खाली, यात बसलं की सामान्य. वीस ते एकोणसाठ टक्के जास्त असला की अतिरिक्त, साठच्या वर गेला की फारच अतिरिक्त, तसंच खाली. सरासरी कुठली, तर १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची. हा सगळा महिन्याच्या बेरजेचा हिशोब आहे. बेरीज कशी झाली ते त्यात येतच नाही.

समजा महिन्याची सरासरी दीडशे मिलीमीटर धरली. एका वर्षी तो पाऊस पंधरा दिवस दहा-दहा करून पडला, दुसऱ्या वर्षी सत्तावीस दिवस कोरडे आणि चार संध्याकाळी मिळून दीडशे. अहवालात दोन्ही महिने जुळे भाऊ. पण पहिल्या वर्षी भात उभं राहील आणि दुसऱ्या वर्षी त्या चारपैकी एक संध्याकाळ जर कापणी करून पेंढ्या मळ्यात पसरलेल्या असताना आली तर कोंब फुटणार, मळणी गेली, गवत पण काळं पडलं, गुरं तोंड लावत नाहीत. त्यात आपल्या मळ्यांत मशीन उतरायला जमीन वाळायला लागते, ती चार दिवस वाळत नाही. शेतकऱ्याला महिना दिसत नाही, त्याला तो एक मंगळवार दिसतो. त्यामुळे अहवाल खोटा नाही आणि शेतकऱ्याचं रडणं पण खोटं नाही, दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. नुकसानाचा पंचनामा म्हणून महिन्याचा आकडा वापरायचा नसतोच, आणि गंमत म्हणजे तसा तो कोणी वापरा असं सांगितलेलं पण नाही. परत तो आकडा असतो सगळ्या केंद्रांची सरासरी. घाटाच्या पायथ्याची वाळपई आणि समुद्राकाठचं मुरगाव एका टोपलीत.

याच मुद्द्यात पोटप्रश्न असा घातलाय की "एकतीस तारखेला संध्याकाळी कोसळला आणि त्या दिवसाच्या नोंदीत शून्य, हे बघा पकडले गेले". पकडले वगैरे काही नाही. पावसाचा दिवस रात्री बारापासून मोजत नाहीत, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ मोजतात आणि जी सकाळ मोजली तिची तारीख लावतात. एकतीसच्या संध्याकाळचा पाऊस एक नोव्हेंबरच्या खात्यात जातो. भारतभर असंच आहे, फक्त तुमच्या पावसासाठी नाही. तीस सप्टेंबरचं पण तेच, पावसाळ्याचा हिशोब एक जून ते तीस सप्टेंबर असा बांधलेला आहे, मग मान्सून मागे राहिलेला असो नसो. आपल्या पेपरात "यंदा इतके इंच" येतं ना, तो आकडा तिथे थांबतो आणि ऑक्टोबरचं पाणी वेगळ्या वहीत. दुकानदार मार्चएंडला वही बंद करतो तसं समजा, गिऱ्हाईक एप्रिलात पण येतंच.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची खरी आहे आणि ती त्याने ओझरती सांगून सोडली. दोन इंच पाऊस पडला, पणजीतल्या "अठरा जून" नावाच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, आणि खात्याच्या भाषेत तो "मध्यम". हे खरंच आहे, कारण चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलीमीटर झाल्याशिवाय त्याला "जोरदार" म्हणत नाहीत, आणि दोन इंच म्हणजे एक्कावन्नच्या आत. चोवीस तासांत पडले तर दोन इंच मध्यमच हो, आपण छत्रीत निघतो. तेच पाऊण तासात पडले तर गटारं हात टेकतात. वर्गवारी चोवीस तासांची, पूर पाऊण तासाचा. इथे टीका करा ना, मी पण टाळ्या वाजवीन.

ॲपचं म्हणाल तर माझा स्वतःचा अनुभव ऐका. चुलत बहिणीचा साखरपुडा साखळीला, मंडप उघड्यावर, आणि मीच शहाणा, फोन दाखवत सगळ्यांना सांगत होतो की चार वाजता पूर्ण सूर्य आहे, पाच वाजता पूर्ण सूर्य आहे, वरती पत्रे कशाला घालता. सव्वाचारला असा कोसळला की जिलबीच्या परातीत पाणी. आणि खरी मजा पुढे. साडेचारला मी परत ॲप उघडलं तर चारच्या खाली विजेचं चित्र! गपचूप बदललेलं. ज्याने तेव्हा पहिल्यांदा बघितलं तो म्हणणार, वा, काय अचूक. ॲपचा जुना अंदाज कुठे उरतच नाही म्हणून ते कधी चुकत नाही, खात्याचं बुलेटिन तारीख-वेळ घालून छापलेलं राहतं म्हणून त्याच्या चुका तुम्हाला सापडतात.

शिवाय ॲपच्या मागे काय असतं, कॉम्प्युटर मॉडेलच असतं ना. ते नकाशाचे चौकोन पाडतं, जगाच्या चांगल्या मॉडेलात चौकोनाची बाजू नऊ-दहा किलोमीटर, आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये चालू झालं त्यात सहा किलोमीटर. ऑक्टोबरचा गडगडाटी ढग काही किलोमीटरचा आणि आयुष्य तासाभराचं. म्हणजे तो कुठल्या वाड्यावर फुटणार हे आदल्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही, ना खातं ना ॲप, फक्त आज असे ढग होण्यासारखी हवा आहे एवढं सांगता येतं. ढग उभा राहिला की मग रडारला दिसतो, आणि त्यावरून पुढच्या तीन तासांचा इशारा निघतो, नाऊकास्ट म्हणतात तो. भात वाळत घातलं असेल तर दुपारी दोननंतर तो बघा, आणि विजेसाठी दामिनी ॲप ठेवा, ते पण आयआयटीएमचंच. दहा दिवसांपुढचं सूर्याचं चित्र बघून मंडप बांधू नका, माझ्यासारखं होईल.

वादळांचा मुद्दा वाचून खरं तर राग आला. "गोव्यात वादळ येत नाही." अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा कमी होतात, बरोबर. जुलै-ऑगस्टमध्ये वरचे आणि खालचे वारे इतके उलटसुलट असतात की वादळाला उभंच राहता येत नाही, म्हणून ती होतात मान्सूनच्या आधी नाहीतर नंतर, म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबर २००९ चं फयान आपल्या समोरून वर गेलं आणि अकरा तारखेला अलिबाग-मुंबईच्या मध्ये लागलं, कोकणपट्टीतल्या किती होड्या परत आल्या नाहीत ते मालवणात जाऊन विचारा. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार, ते तर सुपर सायक्लोन झालं, आणि ते विरायच्या आत पाठोपाठ महा. दोन्हींचं केंद्र गोव्याच्या जमिनीवर आलं नाही. पण दोनापावलाच्या खडकांवर नाफ्था (पेट्रोलसारखं पेट घेणारं तेल) भरलेलं नु शी नलिनी जहाज नांगर सुटून येऊन बसलं ती तारीख चोवीस ऑक्टोबर, म्हणजे क्यारला अजून नाव पण मिळालेलं नव्हतं! मे २०२१ चं तौक्ते पण गुजरातला लागलं, आणि इथे झाडं न् विजेचे खांब आडवे, गावंच्या गावं अंधारात.

आणि "ऊन असताना मच्छीमारांना बंदी" म्हणे. डिसेंबर २०१७ ला ओखी शेकडो किलोमीटर लांब होतं, त्यात पौर्णिमा, आणि लाटा आमच्या उत्तर गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये (खाण्यापिण्याच्या झोपड्यांत) शिरून खुर्च्या घेऊन गेल्या. समुद्राला वरचं आकाश कसं आहे ते बघायची गरज नसते, लाट लांबून चालत येते. मुरगाव बंदरात तीन नंबरचा बावटा (सावध राहायचा इशारा) लावतात तो अशासाठी, आणि तो बघून ट्रॉलर मागे फिरवणारा तांडेल तुमच्या मेसेजपेक्षा शहाणा आहे.

फवारणीवर जास्त लिहीत नाही. ढगात बीज टाकायला आधी ढग लागतो, सोलापूरच्या पर्जन्यछायेत आयआयटीएमने प्रयोग केला तिथे सुद्धा मुळात पडणाऱ्या पावसात थोडी भर पडली एवढंच. वर्षाला तीन हजार मिलीमीटर पडणाऱ्या गोव्यात कोण कशाला विमानाचं पेट्रोल जाळील?

खात्यावर बोलायचंच असेल तर बोलण्यासारखं आहे. रंग अख्ख्या जिल्ह्याला देतात, उत्तर गोवा म्हटलं की पेडण्याचा किनारा आणि सत्तरीचा घाट एकाच पिवळ्यात, मग किनाऱ्यावरचा माणूस चार वेळा फसला की पाचव्यांदा बघत नाही. "तुरळक ठिकाणी" म्हणजे किती ते साध्या शब्दांत लोकांपर्यंत पोचत नाही. आणि पाऊण तासाच्या पावसाला चोवीस तासांची पट्टी लावतात. इशारे तालुक्याप्रमाणे द्या, आणि आमच्या पागी (मच्छीमार) आणि शेतकऱ्यांना समजेल अशा शब्दांत द्या, एवढी एक ओळ त्या मेसेजमध्ये असती ना मामा, तर मीच तो तुमच्या आधी सगळ्या ग्रुपवर टाकला असता.