अंगण खरोखरच वाकडे होते

पन्हळीत साचलेला पालापाचोळा काढण्यासाठी काल अंगणात घोडा, म्हणजे घडीची चारपायी शिडी, उघडून उभा केला, वरच्या पायऱ्यांवर पोहोचलो, आणि तो एका बाजूला कलून पुन्हा जागेवर आला. घडले ते एवढेच. पडलो असतो तर निदान सहानुभूती तरी मिळाली असती. नुसत्याच डुगडुगणाऱ्या माणसाला फक्त प्रेक्षक मिळतात. मला शेजारचे काका मिळाले.

काकांनी कुंपणावर दोन्ही कोपरे टेकली, मला खालपासून वरपर्यंत निरखले आणि म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडे."

"काका, अंगण खरोखरच वाकडे आहे," मी घोड्याच्या माथ्याला मिठी मारून, शक्य तितका आब राखत सांगितले.

"अंगणे वाकडीच असायची. पाय किती टेकलेत?"

"तीन."

"मग चौथा हवाय कशाला? कापून टाक."

चीड या गोष्टीची आली की ते बरोबर बोलत होते. एका रेषेत नसलेले तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, त्यामुळे तीन पायांची वस्तू कितीही उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही. चौथा पाय आला की तो त्या प्रतलात बसेलच याची कोणी हमी देत नाही. फळबागेतल्या खास शिड्या याच कारणाने तिपायी असतात: पुढे खाली रुंद होत जाणारी पायऱ्यांची चौकट आणि मागे एकच लांब दांडा, जो फांद्यांमधून आत सरकवता येतो. मात्र या सोयीचीही किंमत असते. आधाराचा चौकोन जाऊन त्रिकोण होतो आणि तो मागे निमुळता होत गेल्यामुळे माणूस कडेला वाकला की तोल लवकर जातो. शिवाय तो एकटा दांडा मातीत रुततो तोवरच भरवशाचा, गुळगुळीत फरशीवर तो सरकू शकतो. हे सगळे मी वरून काकांना समजावू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "तू बोलू नकोस, हलतोय घोडा."

मग त्यांनी मला उतरू न देता उपाय सुरू केले. आधी घडी घातलेला कागद आला, तो दबला. मग त्यांच्या पायातली एक चप्पल आली, आणि ते एका पायावर उभे राहून मला स्थैर्याचे धडे देऊ लागले. शेवटी फरशीचा तुकडा आला. पण उंचसखल मातीवर ठेवलेला तुकडा स्वतःच डुगडुगतो, म्हणजे आता हलणाऱ्या वस्तू एकाऐवजी दोन झाल्या. वास्तविक खालच्या पायाखाली भर घालण्यापेक्षा उंचावरच्या पायाखालची माती खणून काढणे अधिक सुरक्षित असते, परंतु खणायला खाली यावे लागते आणि त्याला काकांची परवानगी नव्हती.

"मग जरा फिरवून बघू," असे म्हणून त्यांनी घोड्याला हात घातला. मी वरच होतो.

दुर्दैवाने यालाही गणिताचा आधार आहे. चौरसाच्या कोपऱ्यांवर चार पाय असलेले टेबल, जमीन सलग असेल आणि चढउतार फार तीव्र नसतील तर, जागच्या जागी पाव फेरा फिरवण्याच्या आत चारही पायांवर टेकते. पाव फेऱ्यात कर्णांवरच्या पायांच्या जोड्या एकमेकींची जागा घेतात. आधी एका जोडीखाली असलेली फट आता दुसरीखाली येते, आणि या अदलाबदलीत मध्ये कुठेतरी ती शून्य व्हावीच लागते. मात्र हे गणित फक्त डुगडुग थांबवते. टेबल समतल राहील असे ते म्हणत नाही आणि कोणत्या दिशेला थांबेल हे तर मुळीच सांगत नाही. माझ्या घोड्याची बैठक पुरती चौरस नसूनही तो एका जागी चारही पायांवर टेकला, पण त्या दिशेला पन्हळ नव्हती, काका होते.

आणि तिरपेपणा राहिलाच. दोन बाजूंच्या पायांत ५० सेंटीमीटर अंतर असेल आणि एक बाजू केवळ २ सेंटीमीटर खाली असेल, तर ३ मीटर उंचीवर माणूस १२ सेंटीमीटर बाजूला सरकलेला असतो. मध्यरेषेपासून कडेपर्यंत मुळात २५ सेंटीमीटरच असतात. त्यातले जवळजवळ निम्मे हात लांब करण्यापूर्वीच संपतात.

हे हिशेब शिडी बनवणाऱ्यांना ठाऊक नाहीत असे कोण म्हणेल? सरकवून लांब-आखूड करून कुलूपबंद करता येणारे पाय आहेत, खाली रुंद आडवी पट्टी असलेल्या शिड्या आहेत, उतारानुसार आपोआप जुळवून घेणारे तळही आहेत. तरी माझ्या घोड्याला मिळाले काय, तर चार रबरी बूट आणि एक चिकटपट्टी: "समतल व टणक पृष्ठभागावरच वापरा." असा पृष्ठभाग दिवाणखान्यात असतो, आणि दिवाणखान्यात पन्हळ नसते. उंचसखल जमिनीचा प्रश्न सोडवण्याऐवजी तो वापरणाऱ्याच्या नावावर लिहून द्यायचा, आणि तो पडला तर चिकटपट्टीकडे बोट दाखवायचे, याला रचना म्हणायला माझी तयारी नाही.

संध्याकाळी मी चिडून सरकता पाय विकत आणला, तो अर्थातच वेगळा घ्यावा लागतो. जोडणीच्या सूचनापत्रकातले पहिले वाक्य असे आहे: "प्रथम शिडी समतल जमिनीवर उभी करावी."