इंद्रायणीतही हा गुण येऊ दे की
पुरात तगणाऱ्या 'स्वर्णा-सब१' भातावरचा लेख आप्पांना वाचून दाखवला. आमचं शेत बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला. जुलैत लावणी झाली की आठवडाभरात नाला फुगतो आणि बांधसुद्धा दिसत नाही. पाणी ओसरल्यावर रोप उपटलं तर बुडखा बोटात कुजलेला येतो, वास मारतो. मग पुन्हा लावणीसाठी तरू (भाताची रोपं) शोधत फिरा!

बुडालेलं साधं भात वर यायच्या धडपडीत उंच वाढतं आणि साठवलेली साखर संपवून बसतं, तर 'सब१' जनुकाचं भात वाढच थांबवून गप्प राहतं, हे वाचून आप्पा हसले, "आमच्यापेक्षा शहाणं." हा गुण ओडिशाच्या जुन्या गावठी भातातला, वाण २००९ साली आलं आणि साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं.

पण स्वर्णाला सुवास कुठला? इथं घरात वासाचं इंद्रायणी भातच लागतं. तेसुद्धा संकरातलंच: आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या दोन भातांच्या. जनुक स्वर्णात बसवताना पुन्हापुन्हा स्वर्णाशीच संकर केला, म्हणून भात मूळचंच राहिलं. संशोधकांनो, तसंच इंद्रायणीत करून द्या. नाल्यातला गाळ काढायची वाट बघून तर आम्ही थकलोय.