पाऊण किलोची भाऊबंदकी

गिनीपिगची जोडी घेताना दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलेलं, दोन्ही माद्या आहेत साहेब, एकदम गरीब. म्हणून मुलीने नावं ठेवली जाई आणि जुई. पंधरा दिवसांनी व्हेटने जाईला उलटं केलं, जुईला उलटं केलं आणि म्हणाले, अहो दोघंही बाप्ये आहेत. मुलगी नावं बदलायला तयार नाही, त्यामुळे आमच्याकडे जाई चावतो आणि जुई पळतो.

चार महिन्यांचे होईपर्यंत एकाच टोपलीत एकमेकांच्या अंगावर झोपायचे. मग एका रात्री खोलीत कुठेतरी मोबाईल व्हायब्रेट व्हायला लागला, मी उशा उलटल्या, गादीखाली बघितलं आणि मग लक्षात आलं की मोबाईल माझ्या हातातच आहे, टॉर्च लावून. घुर्रर्र चाललेलं ते जाईचं. घसा घरघरवत, ढुंगण डावीकडे-उजवीकडे हलवत, मिरवणुकीतल्या गणपतीच्या स्पीडने तो जुईभोवती फिरत होता. मग वर चढला. आई नेमकी पाणी प्यायला उठलेली. ती म्हणाली, "लहान मुलगी आहे घरात," आणि पिंजऱ्यावर चादर टाकून गेली.

व्हेट म्हणाले वयात आलेत, हे असं चालणारच, वर्ष-सव्वा वर्षाचे झाले की थंडावतात. नसबंदी? भांडणासाठी म्हणून नको, फारसा फरक पडत नाही. घुरघुर, चढाचढी, पाठलाग म्हणजे मोठा कोण ते ठरवणं, त्यात पडायचं नाही. दात कटकट वाजले, मानेवरचे केस उभे राहिले तर सावध. रक्त निघालं तर मात्र वेगळे करा. आणि मधे हात घालू नका.

मी हात घातला. दोन टाके. तेव्हापासून पिंजऱ्याशेजारी सुपली असते आणि दात वाजले की आई ती मधे सारते, एकदम रेफ्रीसारखी.

पण खरा माणूस निघाले आमचे बाबा. बाबा आणि काका गावच्या बांधावरून अकरा वर्षं बोलत नाहीत, त्यामुळे या विषयातला त्यांचा अभ्यास दांडगा. पिंजरा बघून म्हणाले, "जागा वाढव आधी." मग पाण्याच्या बाटल्या दोन, वाट्या दोन, गवताचे ढीग दोन आणि तेही दोन टोकांना. बुटाच्या खोक्याचं घर केलं तर त्याला त्यांनी मागून दुसरं दार कापलं, कारण एकाच दाराच्या घरात मोठा तोंडाशी उभा राहिला की धाकटा कोंडला जातो. (हे सगळं व्हेटनेही सांगितलेलं, पण बाबांना सांगायची सोय नाही.) सिमला मिरची, जी यांना रोज लागतेच कारण आपल्यासारखंच यांच्याही शरीरात सी व्हिटॅमिन तयार होत नाही, ती बाबा मधोमध चिरतात आणि दोन्ही अर्धुकं हातात तोलून बघतात.

एका रविवारी मी उत्साहात सगळं धुतलं. फडकी, टोपली, खोका नवा, पिंजरा साबणाने लख्ख. झालं. आपला वास गेला म्हणजे सातबाराच कोरा झाला की हो, दोघांनी ढुंगण घासत घासत पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू केली, तीन दिवस घुर्रर्र आणि पाठलाग, जुईच्या पार्श्वभागाचे केस गेले. आता एक जुनं फडकं मळकं तसंच ठेवतो. आईला ते बघवत नाही.

सध्या सात महिन्यांचे आहेत. काल तर दोघं शेजारी शेजारी गवत खात होते, बाबा खुर्ची टाकून बघत बसलेले, तेवढ्यात आईच्या फोनवर काकांचा फोन. म्हणजे काका आईशी बोलतात. त्यांच्या नातीला गिनीपिग हवेत, तुमच्याकडे आहेत म्हणून विचारलं. आईने फोनवर हात ठेवून बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर वर धरला आणि पेपराआडून म्हणाले,

"दोन घे म्हणावं, एकटं ठेवू नये. पण माद्या घे. आणि व्हेटकडून उलटं करून बघून घे म्हणावं त्याला."