थंडीतली राईड एकटीचीच

डिसेंबर लागला की आमच्या नाशिकच्या सायकल ग्रुपवर मेसेज सुरू होतात. संडे राईड, शार्प सहा वाजता, शेवटी मिसळ. मी थम्सअप टाकते आणि जात नाही. राग मानू नका मंडळी, पावसाळ्यात मी तुमच्यासोबत येतेच की, पण थंडीतली राईड माझी एकटीची, त्यात वाटेकरी नको.

एकतर ग्रुप राईड म्हणजे मिसळीला जायचं निमित्त, हे आता कबूल करूया. त्यात कुणाची चेन उतरली म्हणून थांबा, मग कुणाला फोटो हवा म्हणून थांबा, आणि थंडीत घामेजल्या अंगाने थांबणं म्हणजे निव्वळ छळ, पायडल मारून तापलेलं अंग दोन मिनिटांत गार पडतं आणि दात वाजायला लागतात. एकटं असलं की थंडी वाजली तर जोर लावा, धाप लागली तर हळू घ्या, कुणाला सॉरी म्हणायला नको. आणि नाक! गार वाऱ्यात नाक जे वाहायला लागतं ते थांबतच नाही, ते चारचौघांत किती वेळा पुसणार, एकट्याने जा आणि बिनधास्त शिंकरा.

पण खरं कारण वेगळंच आहे. एकट्या माणसाशी लोक बोलतात. हेल्मेट-गॉगल लावलेली दहा माणसं सुसाट गेली की रस्त्यावरचा माणूस फक्त बघतो. एकटी बाई पहाटे सायकलवर दिसली की तो हाक मारतो.

माझा नेहमीचा रस्ता नांदूर नाक्यावरून ओढा, पुढे चांदोरी, जमलं तर सायखेडा. निफाड तालुका म्हणजे थंडीचं माहेरघर, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतोच. ती बातमी वाचणं वेगळं आणि ओढ्याच्या पुढे एखाद्या नाल्याच्या खोलगट जागी सायकल उतरली की अचानक मांड्यांना जो गारठा लागतो तो वेगळा. गार हवा जड, ती रात्रभर खाली उतरून सखल जागी साचते, थोडं वर चढलं की लगेच उबदार वाटतं. गाडीत काचा लावून बसलेल्याला यातलं काही कळायचं नाही.

आणि त्या वेळी सगळं झोपलेलं असेल असं वाटत असेल तर अजिबात नाही. शेतीची लाईट कित्येकदा रात्रीचीच असते, त्यामुळे पहाटे पाचला पण बांधावर बॅटऱ्या हलताना दिसतात. त्यात पारा फारच उतरला की द्राक्षवाल्यांची झोप उडते, मणी तडकतात म्हणून ओळींमध्ये शेकोट्या करून धूर धरायचा, विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात कोमट म्हणून पहाटेच ड्रिप सोडायचं. बागेवर तो धूर एका पातळीत तरंगत असतो, वर जातच नाही. अशाच एका शेकोटीवरून एका बाबांनी मला हाक मारली होती, "ओ ताई, एकट्याच? गाडी बंद पडली का?" म्हटलं नाही बाबा, हौस. "मग बसा, हात शेका." बसले. हातमोजे काढले तर बोटं पांढरी पडलेली, ब्रेक दाबताना बोट आपलं आहे की दुसऱ्याचं तेच कळत नव्हतं. चहा आला, मग सायकलची किंमत विचारली. मी नेहमीप्रमाणे निम्मी सांगितली, तरी बाबा म्हणाले, "एवढ्यात तर सेकंडहँड बुलेट येती की." खरी सांगितली असती तर चहा परत घेतला असता.

सासूबाईंची काळजी वेगळी, "अगं एकटीने कशाला?" त्यांचं चुकत नाही. म्हणून लोकेशन शेअर करते आणि उजाडेपर्यंत वर्दळीचा मोठा रस्ता सोडत नाही. कुत्र्यांचं म्हणाल तर थंडीत ती विझलेल्या शेकोटीच्या राखेत मुटकुळं करून पडलेली असतात, उठायचाच कंटाळा. तरीही उठलीच तर खाली उतरायचं, सायकल मध्ये ठेवून चालायचं. जास्त भीती सूर्याची. आपण पूर्वेकडे चाललेलो, समोर ऊन, ते आपल्या डोळ्यावर येतं तसंच मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही येतं, त्याला आपण दिसतच नाही. मागचा लाल लाईट उजाडल्यावरही चालू ठेवा, हे मी भांडून सांगेन. आणि जॅकेटच्या आत छातीवर कालचा पेपर घाला, वारा आत येत नाही. महागड्या विंडचीटरपेक्षा बरा.

हो, एकटीने जाण्यावरून आठवलं. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रॅम पूर्ण केली, अख्खी अमेरिका आडवी कापायची रेस, आणि २०१७ ला श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच सोलो, म्हणजे एकट्याने, केली. पण त्या सोलोमध्येसुद्धा मागे गाडी असते, माणसं असतात. माझ्या सोलोमध्ये पंक्चर किट आणि राजगिऱ्याचे दोन लाडू.

परत येताना रस्ता बदललेला असतो. लाल कांद्याचे ट्रॅक्टर निघालेले असतात, सायखेड्याला, लासलगावला. एखाद्याच्या मागे लागलं की कांद्याची फोलपटं उडून तोंडावर येतात, एक हमखास जॅकेटच्या कॉलरमध्ये अडकतं आणि घरी बेसिनमध्ये पडतं. वारा बहुतेक वेळा पाठीवर असतो, त्यामुळे जाताना रडवलेला रस्ता येताना फुकटात संपतो.

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मात्र या सीझनला अजून गेले नाही. २०२० ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं तेव्हापासून रविवारी तिथे गर्दी फार, म्हणून मधल्या वारी रजा टाकून जायचा विचार आहे. कुणाला यायचं असेल तर या ना, पण माझ्या मागे अर्धा तास निघा. आणि मिसळीचं मला विचारू नका, मी डबा नेणारे.