तिलाही चिलखत द्या!

कॉलेज रोडवरच्या गेमिंग कॅफेत काल पुन्हा तेच. योद्धा निवडायचा होता. पुरुषाला गळ्यापासून घोट्यापर्यंत लोखंडी चिलखत, आणि बाईला? पोट उघडं, मांड्या उघड्या, तेही बर्फाच्या डोंगरावर! इथे नाशिकच्या थंडीत स्वेटर घालून बसलेली माझी भाची विचारते, "आत्या, हिला थंडी नाही वाजत?" काय सांगू तिला? वर शेजारचा मुलगा म्हणतो, "ताई, तुमच्यासाठी तो केक सजवायचा गेम आहे ना." डोकंच फिरलं. दहा वर्षं खेळतेय मी!

१९८६च्या 'मेट्रॉइड' या गेममध्ये चिलखताआडचा योद्धा, सॅमस, ही बाई आहे, हे शेवटी कळायचं. किती भारी कल्पना! पण गेम जितका लवकर संपवाल, तितके तिचे कपडे कमी. बाईचं अंग हे बक्षीस? २०१४मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त खेळायला बाई का नाही, तर गेम बनवणारे म्हणे ॲनिमेशनचं, म्हणजे पात्रांच्या हालचाली बनवायचं, काम दुप्पट होतं. अहो, मग करा की दुप्पट काम!

'होरायझन झीरो डॉन' गेमची नायिका एलॉय बघा. शिकारीला शोभतील असे कपडे, हातात धनुष्य, डोक्यात हजार प्रश्न. लाखो लोकांनी घेतला तो गेम, पुरुषांनीसुद्धा. जमतं ना? मग आम्हाला गुलाबी केकच्या दुकानात का पाठवता सारखं?